सप्ताह लाइव्ह

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात चैत्रात अखंड हरिनाम सप्ताह असतो. पूर्वी त्याची कामं ठरलेली होती. मंडपवाला, आचारी, कीर्तनकारांच्या तारखा आणि काल्याच्या दिवशी बुंदी की लापशी यावरून भांडण. करोनात देवळं बंद झाली, कीर्तन मोबाइलवरून दाखवावं लागलं आणि तेव्हापासून ‘लाइव्ह’ हे काम या यादीत ठाण मांडून बसलं. ते माझ्याकडे आलं, कारण मी कॉम्प्युटरमधला. मी पतसंस्थेत हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. पण गावाच्या दृष्टीनं ज्याच्या पुढ्यात कीबोर्ड, त्याला सगळंच येतं.

सुरुवातीला खजिनदार अण्णांचा मोबाइल खांबाला सुतळीनं बांधून भागवलं. मोबाइल चांगला होता. अडचण एवढीच की तो अण्णांचा होता. ऐन निरूपणात त्यावर कांदा व्यापाऱ्याचा फोन यायचा. त्यातून वाचलाच, तर वरच्या हॅलोजननं तापून आपला आपण बंद पडायचा. आपल्या गावची काही घरं न्यू जर्सीत आहेत. इथं रात्री नऊला कीर्तन उभं राहतं तेव्हा तिकडे सकाळचे साडेअकरा असतात आणि पोरं ऑफिसात कानात बोंडं घालून ऐकतात. त्यांनी कळवलं, “महाराज म्हणाले, आता सांगतो ते नीट ऐका. आणि पुढे काळोख.”

मग ठरलं की कॅमेरा हवा. लग्नाचे फोटो काढणारा गावचाच एक पोरगा सेवा म्हणून कॅमेरा द्यायला तयार झाला. कॅमेऱ्यातलं चित्र बाहेर नेणारी एचडीएमआयची वायर जोडली तर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा सगळा पसारा जगभर दिसायला लागला. कोपऱ्यात बॅटरी, खाली आकडे आणि मधोमध चेहरा ओळखणारा हिरवा चौकोन. हा चौकोन आधी विठोबाच्या मुखावर बसला, तिथून रखुमाईकडे गेला आणि शेवटी पखवाजवाल्याच्या टकलावर स्थिरावला. मेनूच्या पोटात शिरून तो पसारा घालवावा लागतो, काही कॅमेऱ्यांत तर ती सोयच नसते. रेकॉर्डिंग म्हणाल तर फोटोचे बरेच कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबत. अर्धा तास झाला की युरोपच्या जकातीत तो व्हिडिओ कॅमेरा ठरायचा आणि जास्त कर लागायचा. युरोपचा कर वाचावा म्हणून आमच्या महाराजांचं कीर्तन अर्ध्या तासाच्या आत तुटावं, याला काय म्हणायचं!

कॅमेऱ्यातलं चित्र लॅपटॉपात न्यायला मध्ये कॅप्चर कार्ड लागतं. अंगठ्याएवढी वस्तू. खरं रामायण इथं सुरू झालं.

बैठकीत अध्यक्ष आबांनी विचारलं, “केवढ्याला?”

मी म्हटलं, “हजाराच्या आतही मिळतं आणि बारा-पंधरा हजारांनाही.”

“फरक काय?”

“आबा, स्वस्तातलं तापतं.”

“अहो, चैत्रात कोण तापत नाही?” अण्णा म्हणाले आणि विषय संपला. स्वस्तातलं आलं. खोक्यावर ‘फोर के’ हे बाळाच्या बारशाच्या फलकाएवढ्या अक्षरांत. त्याचा अर्थ एवढाच की फोर केचं, म्हणजे खूप बारकाव्यांचं चित्र ते आत घेतं. बाहेर काय सोडतं ते मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत होतं: १०८० ओळींचं साधं एचडी, सेकंदाला ३० चित्रं. तेही दाबूनच. १०८०चं न दाबलेलं चित्र सेकंदाला हजार मेगाबिटच्या आसपास जातं आणि जुन्या यूएसबी २ची सगळी वाट ४८० मेगाबिटची. तेव्हा गौरीगणपतीला कोकणच्या एसटीत माणसं कोंबतात तसं प्रत्येक चित्र कोंबावं लागतं आणि एखादा प्रवासी खालीच राहतो. निळ्या तोंडाचं यूएसबी ३ घ्या, असं मी सांगत होतो. “रंगाचं काय घेऊन बसलास,” असं आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनात ते कार्ड गोठलं. महाराजांचा उजवा हात वर, डोळे मिटलेले, आणि चित्र तिथंच. आवाज मात्र चालू, कारण तो वेगळ्या वायरीनं येत होता. अमेरिकेतल्या एका काकूंनी लिहिलं, “आज महाराजांची समाधी लागली. धन्य झालो.” हे वाचून अण्णा म्हणाले, “मग बिघडलं काय?”

वायरीचंही तसंच. गाभाऱ्यासमोरच्या कॅमेऱ्यापासून मागच्या टेबलापर्यंत लांबलचक एचडीएमआय केबल अण्णांनी घासाघीस करून आणली. साधी एचडीएमआय दहा-पंधरा मीटरच्या पुढे दगा देते, पुढे चित्र येतं, जातं, लाजतं. शंभरेक मीटर जायचं तर एसडीआय बरी. तिला टीव्हीच्या केबलसारखी गोल वायर आणि फिरवून अडकवायचं तोंड असतं. पण तिचा कॅमेरा वेगळा आणि किंमत ऐकून आबांना पाणी द्यावं लागतं. शेवटी टेबलच पुढे सरकवलं. ते बायकांच्या वाटेत आलं. त्यावरून जे झालं ते लाइव्ह नव्हतं, हे बरं.

आणखी एक चमत्कार म्हणजे विठोबाच्या मागे काळे पट्टे वर सरकताना दिसायचे. नेपथ्य छान आहे, असं सगळे म्हणाले. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि कॅमेरा अमेरिकेच्या ६०च्या हिशेबावर ठेवलेला. शटर सेकंदाच्या एक-पन्नासांशावर आणल्यावर पट्टे गेले. “आधीचं बरं होतं,” अशी दोन-तीन मतं आली.

आवाजाचं दुखणं वेगळंच. मिक्सरमधून आवाज थेट लॅपटॉपात पोचतो, चित्र कार्डात रेंगाळत येतं. त्यामुळे टाळ आधी वाजायचा आणि मग टाळकऱ्यांचे हात जवळ यायचे. ओबीएसमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून लाइव्ह सोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, आवाज काही मिलिसेकंद मागे ढकलता येतो. किती, ते तुमच्या यंत्रावर ठरतं. एक जण समोर उभा करून टाळ्या वाजवायला लावायच्या आणि हात व आवाज जुळेपर्यंत आकडा बदलत राहायचं. मी भाच्याला उभा केला. दुपारच्या रिकाम्या देवळात तो एकटाच देवाकडे पाठ करून टाळ्या पिटतोय, हे गुरवकाकांनी पाहिलं. संध्याकाळी माझ्या बहिणीकडे विचारणा झाली, “पोराचं बरं आहे ना?”

बरं कार्ड घ्यायचंच, हे पुढच्या वर्षी मान्य झालं. पैशाचा प्रश्न नव्हता. पण देवळातलं दान दिसावं लागतं. आमच्या देवळात घड्याळावर नाव आहे, बाकड्यांवर आहे, पाण्याच्या टाकीवर आहे, चपलांच्या मांडणीवरही कोणाच्या तरी स्मरणार्थ आहे. एका घरानं तर पंखा बंद ठेवण्याची विनंती केली होती, कारण तो फिरला की पात्यावरचे कै. आजोबा दिसत नाहीत. आता या अंगठ्याएवढ्या कार्डावर नाव घालायचं कुठं? आणि घातलंच तर टेबलाखाली बघणार कोण? महिनाभर दाता मिळेना.

मीही दाद देणार नव्हतो. सप्ताहात विणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि रात्रभर पहारे असतात. यंत्राकडूनही मला तेवढंच हवं होतं. म्हणून उधारीवर आणलेलं कार्ड मी पंखा बंद करून रात्रभर चालू ठेवलं आणि पहाऱ्याच्या यादीतल्या पोरांना सांगितलं, तासातासाला हात लावून बघा. भाजलं तर परत. खोक्यावर काय लिहिलंय यापेक्षा हा हात मला खरा वाटतो. कार्ड कोमटच राहिलं. पोरांनी त्यालाही गंध लावलं.

शेवटी एक दाता भेटला, अटीसह. नाव स्क्रीनवर खाली पट्टीत यायला हवं. ओबीएसमध्ये ते दोन मिनिटांचं काम. मी केलं. ते पाहून यूपीएसवाले आले. मग राउटरवाले. मग केबलचे पैसे अण्णांनी स्वतः दिले होते, असं अण्णांना आठवलं. पंखेवाल्या घरानंही चौकशी केली, कारण इथं नाव फिरत नाही. पट्टीवर पट्टी चढत गेली. विठोबाची वीट केव्हाच दिसेनाशी झाली, पितांबर निम्मा गेला. येत्या बैठकीत कमरेवरच्या हातांचा विषय आहे.