दोन ताऱ्यांच्या अभिप्रायास उत्तर : क्लचच्या कामाला लागलेल्या चार तासांचा हिशेब

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय मी परवा रात्री वाचला आणि त्यानंतर आणखी तीन-चार वेळा वाचला. आपण लिहिले आहे की, आम्ही ठरलेल्या वेळेपेक्षा ४० मिनिटे उशिरा आलो, पार्किंगच्या फरशीवर ऑइलचे डाग पाडले, पहिला अर्धा तास पान्याला हात न लावता नुसते गाडी न्याहाळत राहिलो, आणि मोबाईलवरच्या व्हिडिओत जे काम ४० मिनिटांत होते त्याला चार तास लावून मजुरी वाढवली. उशीर झाला हे खरे आहे. आधीचे काम लांबले आणि निदान फोन तरी करायला हवा होता, तो मी केला नाही. डागांबद्दलही क्षमा मागतो. पुठ्ठा अंथरला होता, पण तो अपुरा पडला. या दोन गोष्टींसाठी आपण तारे कापले असते तर मी निमूटपणे मान्य केले असते.

मजुरीसाठी वेळ काढला, हे वाक्य मात्र मला लागले आहे. घरी येऊन दुचाकी दुरुस्त करून देणे हाच आमचा व्यवसाय असल्याने वेळेबद्दलचा संशय आम्हाला परवडणारा नाही. अभिप्राय आल्यापासून दोन ग्राहकांनी ठरलेले काम रद्द केले आहे. म्हणून त्या दिवशीचा ११ वाजून १० मिनिटांपासून ३ वाजून १० मिनिटांपर्यंतचा हिशेब येथे मांडतो.

पहिला अर्धा तास. आपण फोनवर सांगितले होते की, गाडी रेस होते पण पळत नाही, त्यामुळे क्लच प्लेट बदलायच्या आहेत. लक्षण आपण अचूक सांगितले होते, परंतु तेवढ्यावरून कोणत्याही गाडीचे इंजिन उघडू नये, असे माझे मत आहे. क्लच लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल, म्हणजे आम्ही ज्याला प्ले म्हणतो तो, असायला हवा. आपल्या गाडीत तो शून्य होता, कारण क्लच घसरू लागल्यावर, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत पुरती पोहोचेनाशी झाल्यावर, आपण केबल आणखी आवळली होती. केबल अशी ताणलेली राहिली की लिव्हर सोडलेला असतानाही क्लचच्या प्लेटा दाबून धरणारी प्रेशर प्लेट किंचित उचललेलीच राहते आणि धड असलेला क्लचही घसरू लागतो. मी केबल सैल केली, लिव्हरपाशी तिच्या तारा तुटल्या आहेत का ते पाहिले आणि गाडी एक फेरी चालवून आणली. वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगावर अ‍ॅक्सिलरेटर एकदम पिळला, तेव्हा इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र पूर्वीच्याच चालीने जात राहिली. क्लच उघडावा लागणार हे त्यानंतर ठरले. केबल सैल केल्यावर घसरणे थांबले असते, तर मी झाकणाला हात न लावता परत गेलो असतो आणि आपले काम खरोखरच अर्ध्या तासात झाले असते. आपण ज्याला न्याहाळणे म्हणता ते हे होते.

त्यानंतरचा अर्धा तास इंजिन निवण्यात गेला. फेरी मारून आणलेल्या इंजिनातले ऑइल लगेच काढले तर हात भाजतो आणि गरम झाकणावर काम करता येत नाही. त्या वेळात मी केबल काढून तिच्यात ऑइल सोडले, हे आपण गच्चीतून पाहिले असेल किंवा नसेल.

आता त्या तासा-सव्वा तासाविषयी, ज्यामागच्या कारणाचा आपल्या अभिप्रायात उल्लेखच नाही. आदल्या रविवारी आपण स्वतः क्लचचे झाकण उघडून पाहिले होते, हे मला फोनवर कोणी सांगितले नाही. ते मला झाकणाने सांगितले. जुने पॅकिंग फाटले म्हणून आपण त्यावर सिलिकॉन लावले होते, आणि ते इतके सढळ हाताने की झाकण निघताच आतल्या कडेला राखाडी रंगाचा, करंगळीएवढा जाड पट्टा लोंबत होता. त्याचा एक तुकडा सुटून ऑइलच्या जाळीवर जाऊन बसला होता. ती जाळी तुंबली असती तर ऑइलचा पुरवठा कमी होऊन प्रश्न क्लचपुरता राहिला नसता. सिलिकॉन ब्लेडने खरवडले तर पाच मिनिटांचे काम आहे, असे आपण लिहिता. झाकण अ‍ॅल्युमिनियमचे असते. त्याच्या बसणीवर ब्लेडचा एक चरा पडला की नव्या पॅकिंगमधूनही ऑइल पाझरते, आणि स्क्रू-ड्रायव्हरचे असे दोन चरे तेथे माझ्या आधीच पडलेले होते. म्हणून मी लाकडी पट्टीने, ठिकठिकाणी भिजवून, ते सोलत राहिलो. जाळी धुतली. झाकणाचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, त्यामुळे पुठ्ठ्याला झाकणाच्या आकारात भोके पाडून प्रत्येक बोल्ट ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवावा लागतो. आपण उघडले तेव्हा ते तसे ठेवले गेले नसावेत, कारण एक लांब बोल्ट आखूड बोल्टच्या जागी अर्धवट आवळलेला सापडला. या सगळ्याला ७० मिनिटे लागली. व्हिडिओतल्या गाडीवर आदल्या रविवारी कोणी काम केलेले नसते.

मग प्लेटा. लायनिंगच्या, म्हणजे घर्षणाचा थर असलेल्या, नव्या प्लेटा मी आदल्या रात्रीपासून ऑइलमध्ये भिजवून आणल्या होत्या, कारण त्या कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळण्याचा धोका असतो. त्यांच्यामध्ये बसणाऱ्या पोलादी प्लेटा बदलाव्या लागतील की नाही, हे मात्र उघडल्याशिवाय कळत नाही. आपल्या गाडीतल्या पोलादी प्लेटा निळसर पडल्या होत्या. पिशवीतून काच काढून मी तिच्यावर एकेक प्लेट ठेवली आणि कडेखालून ०.३ मिलिमीटरची फीलर पट्टी, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवून पाहिली. तीन प्लेटांखालून ती सहज गेली, म्हणजे त्या उष्णतेने वाकल्या होत्या. आपल्या शब्दांत हे ‘काचेवर प्लेटा मांडून खेळणे’ आहे. त्या वाकलेल्या प्लेटांवर नवीन लायनिंग बसवले असते, तर क्लच पुन्हा बिघडला असता आणि आपण दोन ताऱ्यांऐवजी एक दिला असता. पोलादी प्लेटा आणायला सहायकाला ३५ मिनिटे लागली.

प्रत्यक्ष बसवण्याचे काम, म्हणजे प्लेटा एकाआड एक रचणे, प्रेशर प्लेट बसवणे, स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत, सारख्या जोराने आवळणे आणि नवे पॅकिंग लावून झाकण बंद करणे, मोजमापासह ४५ मिनिटांत झाले. आपल्या व्हिडिओत त्याला ४० मिनिटे लागतात. ही ५ मिनिटे आमच्याकडून जास्त गेली, हे मी मान्य करतो. शेवटचा अर्धा तास ऑइल भरणे, केबलचा प्ले लावणे आणि पुन्हा फेरी मारून पाहणे यात गेला. अशी एकूण २४० मिनिटे होतात. बिल आपल्याकडे आहेच; त्यात मजुरी तीन तासांची लावलेली आहे, चार तासांची नाही. इंजिन निवण्याचा आणि प्लेटा आणण्याचा वेळ आम्ही धरलेला नाही.

ऑइल ‘माथी मारले’ असेही आपण लिहिले आहे, म्हणून त्याबद्दल थोडेसे. फळीवरचा उरलेला डबा वापरा, असे आपण सांगितले होते. तो डबा चारचाकीच्या ऑइलचा होता आणि आधीचे ऑइलही त्यातलेच होते. बहुतेक चारचाकींचा क्लच कोरडा असतो. आपल्या दुचाकीचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये फिरतो. इंधन वाचवण्यासाठी चारचाकीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक घातलेले असतात, आणि क्लचचे तर सारे काम घर्षणावरच चालते. प्रत्येक चारचाकीच्या ऑइलने क्लच घसरतोच असे नाही, परंतु १९९८ पासून दुचाकीच्या ऑइलसाठी जासो हे वेगळे जपानी मानक आहे ते याच कारणाने. ओल्या क्लचच्या दुचाकीसाठी डब्यावर ‘एमए’ किंवा ‘एमए२’ असे लिहिलेले पाहावे. ‘एमबी’ हे कमी घर्षणाचे ऑइल मुख्यतः स्कूटरसाठी असते. आपला डबा मी नाकारला तेव्हा त्याचे कारण सांगितले होते. कदाचित घाईत मी ते नीट सांगितले नसेल.

घरी स्वतः काम करून पाहणाऱ्यांना मी कधीही हसत नाही. मीही तसाच शिकलो. फक्त आपण आधी उघडले होते एवढे एक वाक्य फोनवर कळले असते, तर मी तीन तासांचा अंदाज तेव्हाच दिला असता. यापुढे काम सुरू करण्यापूर्वी वेळेचा अंदाज अधिक स्पष्टपणे देण्याचा आणि मोठे अंथरूण सोबत ठेवण्याचा आम्ही प्रयत्न करू, उशीर होत असल्यास कळवूही.

नवीन प्लेटा बसल्यावर काही दिवसांत केबलचा प्ले थोडा बदलू शकतो. सुमारे ५०० किलोमीटर झाल्यावर तो एकदा तपासून घ्यावा. त्यासाठी मी येईन आणि मजुरी घेणार नाही. वाकलेल्या तीन प्लेटा आणि सिलिकॉनचा तो पट्टा मी टाकून दिलेला नाही. येताना तेही घेऊन येईन, काच आणि फीलर पट्टी माझ्या पिशवीत असतेच. आपण स्वतः पाहावे आणि त्यानंतर ताऱ्यांचे काय करायचे ते ठरवावे.

आपला नम्र,
कार्यशाळेचा मालक