गोगलगाईला औषध न देता समुद्रफेस दिल्याच्या तक्रारीस उत्तर

नमस्कार ताई,

टाकी धुताना आपल्या मिस्ट्री गोगलगाईचा (मत्स्यालयात पाळतात त्या पाणगोगलगाईचा) शंख फरशीवर आपटून तडकला, आपण तिला तातडीने दुकानात आणले, आणि आम्ही औषध न देता समुद्रफेसाचा (कटलफिश या सागरी जीवाच्या आतल्या चुनखडीच्या कवचाचा) तुकडा हाती ठेवून बोळवण केली, म्हणून आपण एकच तारा दिला आहे. एवढ्याशा जीवासाठी आपण भर उन्हात आलात, याचे मला मोल वाटते आणि म्हणूनच सविस्तर लिहीत आहे.

आपण मागितलेल्या माशांच्या औषधात तांबे असते. परजीवी मारण्यासाठी ते घातलेले असते, पण गोगलगाईला आणि झिंग्यांना ते अगदी थोडे असले तरी घातक ठरते. ते औषध विकले असते तर आपले तेवढ्यापुरते समाधान झाले असते आणि गोगलगाय गेली असती. म्हणून हा नकार मी उद्याही देईन.

शंख हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, आणि त्याच्या आतल्या बाजूस असलेले मांसल आवरण शाबूत असेल तर तडा आतूनच हळूहळू भरून येतो. भरलेली जागा थोडी खडबडीत आणि वेगळ्या रंगाची दिसते, त्याने काही बिघडत नाही. या कामाला कॅल्शियम लागते, ते समुद्रफेसातून मिळते. आपल्या गोगलगाईचे मांस उघडे पडलेले नव्हते, ही मोठी जमेची बाजू आहे.

तिला त्याच टाकीत जाळीच्या ब्रीडिंग बॉक्समध्ये वेगळे ठेवावे, म्हणजे मासे टोचणार नाहीत. ही गोगलगाय कल्ल्याबरोबर फुप्फुसानेही श्वास घेते, तेव्हा पाणी उथळ असावे आणि वर हवेची जागा राहावी. ती एक-दोन दिवस शंखाच्या तोंडावरचे झाकण मिटून पडून राहिली तर घाबरू नये, आणि ते झाकण ओढून तर मुळीच पाहू नये. झाकण सैल लोंबू लागले आणि दुर्गंधी आली तरच आशा सोडावी. खायला उकडलेली काकडी किंवा दुधीची फोड द्यावी, उरलेली त्याच दिवशी काढून टाकावी.

खरी चिंता मला पाण्याची वाटते. टाकीत आरओचे पाणी भरता, असे आपण दुकानात सांगितले होते. इंदूरच्या पुष्कळ घरांत स्वच्छतेच्या हेतूने हेच केले जाते. परंतु आरओमुळे पाण्यातील कॅल्शियम बहुतांशी निघून जाते, पाणी सहज आम्ल होते आणि शंख झिजून पातळ पडतो. असा शंख लहानशा धक्क्यानेही तडकू शकतो. नर्मदेचे नळाचे पाणी क्लोरिन काढून वापरावे. माळव्याच्या काळ्या खडकातील बोअरिंगचे पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार असलेले, असते, तेही चालते. मात्र सगळे पाणी एकदम न बदलता, दर खेपेस थोडे थोडे बदलावे. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचे माप, सातच्या खाली जाऊ देऊ नये.

समुद्रफेस संपल्यास सियागंज बाजारात पंसाऱ्याकडे मिळेल, आमच्याकडून घ्यावा असे बंधन नाही. टाकीतले पाणी बाटलीत भरून आणल्यास पीएच आणि जडपणा मी स्वतः तपासून देईन, त्याचे पैसे लागणार नाहीत. गोगलगाईला मात्र आणू नये, प्रवासाच्या हिसक्यांनी तडा वाढेल. तिचा फोटो पुरेसा आहे.

आपला,
दुकानमालक