तहकूब सभेला चहा असतो

मंडळी, मृग लागला. गावाच्या ग्रुपवर शुभ सकाळच्या गुलाबांमधून वाट काढत पंचायतीचा मेसेज आला की पावसाळ्यापूर्वी सर्व गटारी साफ करण्यात येणार आहेत, तरी ग्रामस्थांनी नोंद घ्यावी. तोवर दोन वळीव पडून गेले होते आणि गटारी स्वतःच स्वतःला साफ करून आमच्या आळीतल्या मारुतीच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. असू दे. तुम्ही नोंद घ्या. नोंद घेणं हे गावकऱ्याचं पहिलं कर्तव्य आहे आणि बहुतेक शेवटचंही.

तर यंदा ज्यांना आदर्श गावकरी व्हायचंय (व्हाच, घरपट्टी थकलेली असली तरी चालतं) त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

सगळ्यात आधी ग्रामसभा. वर्षातून किमान चार व्हायला लागतात. तारखा कितीही पुढंमागं झाल्या तरी सात दिवस आधी नोटीस निघते म्हणजे निघतेच, याबाबतीत आमची पंचायत एकदम कडक. मी डोळ्यानं बघितलंय, शिपायानं नोटीस चिकटवली, जरा मागं सरकून जीपीएस कॅमेऱ्यात फोटो काढला, अक्षांश रेखांश तारीख वेळ सगळं फोटोत आलंय का ते झूम करून बघितलं आणि मग गेला. फलकाला काच आहे, काचेला कुलूप आहे, किल्ली आधीच्या बॉडीच्या काळापासून सापडत नाही, म्हणून नोटीस काचेच्या बाहेरनं लावतात. संध्याकाळी सर आली आणि नोटीस ओढ्यानं खाली गेली. खालच्या गावाला आमच्या ग्रामसभेची पूर्ण कल्पना असते.

तुम्हाला काय करायचंय, तर जायचं नाही. हे नीट समजून घ्या कारण सगळी मेख इथंच आहे. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल तेवढी लागतात. म्हणजे अडीच हजार मतदारांच्या गावात शंभर डोकी झाली की बास. शंभर! आमच्यात बारशाला याच्यापेक्षा जास्त येतात, वाढपी वेगळे. पण ग्रामसभेला आपण बत्तीस-पस्तीसच्या वर जायचं नाही, त्यातले निम्मे पंचायतीच्या पारावर तसेही बसलेलेच असतात. मग अर्धा तास वाट बघायची, घड्याळाकडं बघून हळहळायचं आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब. आता गंमत बघा, तहकूब सभा परत भरते ना, तिला गणपूर्ती लागत नाही. किती का माणसं असेनात, सभा कायदेशीर. म्हणजे तुम्ही पहिल्या सभेला गेला नाही हा नुसता आळस नाही हो, ते मतदान आहे. ठराव कुणाला करायचाय ते तुम्ही घरी सोप्यावर लोळून ठरवलेलं असतं.

आणि मग ग्रुपवर यायचं. 'गावाचा निधी जातो कुठं???' तीन प्रश्नचिन्हं कमीत कमी. खाली अंगठे, नमस्कार, एखादा 'अगदी बरोबर भाऊ', आणि कुणीतरी मधेच म्हैस विकायचीय म्हणून फोटो टाकतो तेव्हा तो विषय संपतो. यात एकच धोका आहे. ज्या मोबाईलवर तुम्ही हा प्रश्न टाइप करताय त्याच मोबाईलवर ई-ग्रामस्वराज नावाची सरकारी साइट उघडते, त्यात जिल्हा तालुका गाव निवडलं की आराखड्यात काय काय धरलंय, पैसे किती आले, कशावर गेले ते दिसतं. ती चुकूनसुद्धा उघडायची नाही. मी उघडली होती एकदा, लाइट गेली होती म्हणून, वेळ जात नव्हता. त्यात आमच्या आळीची बंदिस्त गटार निघाली. मी बॅटरी घेऊन बाहेर आलो, आळीत दोन चकरा मारल्या, गटार इतकी बंदिस्त आहे की मला काय दिसली नाही.

पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडनं गावाला आलेल्या पैशात साधारण ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते, उरलेले ४० गावाच्या गरजेप्रमाणं. गावाची गरज कायम पेव्हर ब्लॉक असते. का ते विचारू नका, पेव्हर ब्लॉकवर उभं राहून उद्घाटनाचा फोटो चांगला येतो, पाइप जमिनीखाली असतो, त्याच्याबरोबर कोण फोटो काढणार.

पाण्यावरनं आठवलं. पावसाळ्यात पाणी उकळून गाळून प्या असा मेसेज पंचायतीकडनं आला की समजायचं टीसीएल संपलीय. टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, हजार लिटरला पाच ग्रॅम असा हिशेब असतो, टाकून अर्धा तास थांबायचं, मग नळाला ओटी टेस्ट घ्यायची, दोन थेंब टाकले की पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो आणि उघडी राहिली, ओल लागली की तो उडून जातो, म्हणून कोरड्या बंद जागेत ठेवायची असते. आमच्याकडं ती पंचायतीच्या मागच्या खोलीत आहे, पत्रा गळतो तिथंच बरोबर खाली, कारण बाकीच्या जागेत गेल्या निवडणुकीचे फ्लेक्स आहेत आणि ते भिजून कसं चालेल. पोत्यात हात घातला तर गूळ फोडल्यासारखा खडा निघाला. पाणी सोडणाऱ्या अण्णांना म्हटलं, अण्णा, ह्याला वास पण येत नाही. अण्णा म्हणाले, 'आरं वास आला की बायका तक्रार करत्यात, पाण्याला औषधाचा वास मारतोय म्हणून. आता वर्ष झालं एक तक्रार नाही.' पुढं बोलायला जागाच नाही ना राव. ओटीची बाटली मात्र आहे, सीलबंद आहे, कपाटात. वर्षातून दोनदा पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन गावाला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. आमचं हिरवं आहे. फ्रेम केलंय.

हागवण सुरू झाली की घाबरायचं नाही, तालुक्याला जायचं, सलाइन लावायचं, तिथनं सेल्फी टाकायचा. आदर्श गावकरी असं कधी विचारत नाही की बुवा एकाच आळीतले सात जण एकाच आठवड्यात कसे आडवे झाले. हवामान बदलतंय, एवढंच म्हणायचं.

डासांचंही तसंच. आठवड्यातनं एक कोरडा दिवस पाळायचा असतो, सगळी भांडी पिंपं पालथी करायची. आमच्याकडं नळाला पाणी चार दिवसाआड, त्यामुळं पिंपं आपोआपच कोरडी पडतात, पंचायत तुमच्यासाठी किती करते बघा.

आता नावं. ग्रामसेवक म्हणायचं नाही हां. २०२४ ला सरकारनं त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी केलंय, तलाठीसुद्धा आता ग्राम महसूल अधिकारी. तर नवीन नावानं हाक मारायची आणि जुन्या पद्धतीनं वाट बघायची. भाऊसाहेब कुठायत विचारलं की शिपाई सांगतो मीटिंगला, पंचायत समितीत विचारलं तर म्हणतात गावात. मधल्या रस्त्याला खड्डे फार आहेत, मला वाटतं तिथंच कुठंतरी असतील.

शेतकरी मंडळींनी ई-पीक पाहणी तेवढी करून घ्या. २०२१ पासून आपली आपणच करायची आहे, उभ्या पिकात जाऊन फोटो काढायचा, ॲपवर चढवायचा. बांधावर मोबाईल डोक्याच्या वर धरून गोल फिरणारा माणूस दिसला तर त्याच्या अंगात आलेलं नाही, तो रेंज शोधतोय. विमा एक रुपयात होता तो २०२३ ला आला आणि २०२५ ला गेला, आता खरिपाच्या धान्य-तेलबियांना विमा रकमेच्या दोन टक्के परत आपले आपण. रुपयाचा विमा होता तेव्हा आपण रुपयाएवढीच आशा ठेवली होती, आता जरा जास्त ठेवा, पैसे दिलेत.

बाकी झाडं लावायचा कार्यक्रम होईलच. गेल्या वर्षीचेच खड्डे आहेत, उगाच नवीन खणू नका.

एवढं सगळं तुम्हाला शहाणपण शिकवून मी काय केलं, तर परवा तहकूब सभेला गेलो. का गेलो माहीत नाही, बंदिस्त गटार डोक्यातनं जात नव्हती असं म्हणू. आत गेलो तर सतरंजी अर्धीच अंथरलेली. सरपंचबाई खुर्चीवर, त्यांचे मालक माईकवर, बाकीची ओळखीचीच मंडळी, ठेकेदाराचा भाऊ पोरगं मांडीवर घेऊन. विषय क्रमांक एक ते नऊ वाचून झाले होते, मंजूर मंजूर म्हणून. मला बघितल्यावर माईक जरा थांबला, मग खरखरला, मग 'या या' झालं. पहिल्या सभेला पाणीसुद्धा विचारत नाहीत, इथं मात्र चहा होता, स्पेशल, वरनं क्रीमरोल. कप पंधरा. शिपायानं एकदा ट्रेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि परत हॉटेलकडं निघाला. जाता जाता माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाला, 'दादा, येणार असला तर आधी सांगत जावा की ओ.'