मागून मोजलं तर

रोड रेसमध्ये पहिल्या येणाऱ्या माणसाचं मला फारसं कौतुक वाटत नाही. त्याला असा त्रास तो कोणता? गार हवेत निघायचं, समोर मोकळा रस्ता, वाट दाखवायला पुढे मोटारसायकल, प्रत्येक टेबलावर पाण्याचे भरलेले पेले, टाळ्या वाजवणारी माणसं ताजीतवानी, आणि ऊन चढायच्या आत सगळं आटपून मोकळं. २०२३ साली शिकागोत केनियाच्या केल्विन किप्टमने मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटरचं प्रकरण २ तास ३५ सेकंदांत मिटवलं. म्हणजे दर शंभर मीटरला साधारण १७ सेकंद, आणि असे शंभर मीटर चारशेच्या वर, एकामागोमाग एक. मी त्या वेगाने फक्त सुटलेल्या बसमागे धावलेलो आहे, तेही ड्रायव्हरला दया येईपर्यंत. किप्टमची अख्खी मॅरेथॉन झाली तेवढ्या वेळात माझी अर्धीसुद्धा होत नाही. तेव्हा एका किलोमीटरमागे दुप्पट घाम कोणाचा गेला, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आम्ही हौशी लोक. 'पळायला जातो' असं आम्ही सांगून जातो आणि परत आल्यावर घरचे 'झालं का चालून?' असं विचारतात.

शर्यत सुरू होते ती बिब लावण्यापासून. बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद. तो फाटत नाही, भिजत नाही आणि सरळ लागत नाही. सोबत चार सेफ्टी पिना येतात. टीशर्ट अंगात घालून बिब लावावा तर पिन पोटाला टोचते. टीशर्ट गादीवर पसरून लावावा तर पिन खालपर्यंत जाते, पुढची बाजू मागच्या बाजूला शिवली जाते आणि मग त्यात डोकं शिरत नाही. हे सगळं पहाटे दिवा न लावता करायचं, कारण घरातली शहाणी माणसं झोपलेली असतात. चारांतली एक पिन गादीत हरवते. ती रात्री सापडते. कोणाला आणि कशी, ते सांगायला नको.

बिबच्या मागे चिकटवलेली चिप मात्र गुणी वस्तू आहे. तिला बॅटरी नसते. रस्त्यावर अंथरलेल्या मॅटवरून आपण गेलो, की मॅटमधल्या अँटेनाकडून ती ऊर्जा घेते, तेवढ्यापुरती जागी होते, आपला नंबर सांगते आणि पुन्हा झोपी जाते. रविवारी पहाटे एवढंच काम करून चालत असेल, तर चिपचा जन्म वाईट नाही. शिवाय तिच्यामुळेच आमची इज्जत राहते. बंदूक वाजल्यावर मागच्या गर्दीतून सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचायलाच आम्हाला इतका वेळ लागतो, की तेवढ्यात पुढचे पहिलं पाणी पिऊन झालेले असतात. चिपचं घड्याळ आपण रेषा ओलांडल्यावर सुरू होतं. म्हणून आम्ही कायम 'नेट टाइम' सांगतो. बऱ्याच मोठ्या शर्यतींत बक्षीस गन टाइमवर ठरतं म्हणे. ती अडचण आमच्यापर्यंत आलेली नाही.

त्या रेषेच्याही आधी एक रांग असते, फिरत्या स्वच्छतागृहांची. 'सकाळपासून थोडं थोडं पाणी पीत राहा' असं सांगणारे लोक आणि स्वच्छतागृहं किती मागवायची हे ठरवणारे लोक यांची आयुष्यात कधी गाठ पडलेली नसावी. रांगेतला प्रत्येक जण मनगटावरच्या घड्याळाकडे बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत असतो आणि त्यालाच वॉर्मअप म्हणतो. खरा वॉर्मअप मंचावर चाललेला असतो, कानठळ्या बसवणाऱ्या संगीतावर. तिथे दोन्ही हात वर करून जे उड्या मारत असतात, ते आता इथेच गळपटतील असं मला दर वेळी वाटतं. पहिल्या किलोमीटरच्या आत ते सगळे मला मागे टाकून जातात.

आता अंतराबद्दल. इथे आमच्यावर खरा अन्याय होतो आणि तो शास्त्रशुद्ध आहे.

मान्यताप्राप्त शर्यतीचा रस्ता मोटारीच्या मीटरवर मोजत नाहीत, सायकलने मोजतात. पुढच्या चाकाजवळ 'जोन्स काउंटर' नावाचं छोटं दातेरी यंत्र बसवतात, ते चाकाचे फेरे मोजतं. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ तुकड्यावर सायकल चालवून आकडे पक्के करायचे आणि मग सगळा मार्ग मोजायचा. तोही कसा, तर धावणाऱ्याला जाता येईल अशा सगळ्यात आखूड रेषेने, वळणावर कडेपासून जेमतेम ३० सेंटिमीटरवरून. एवढं करूनही रस्ता चुकून कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जादा धरतात. अख्ख्या मॅरेथॉनला हा वरकड भुर्दंड ४२ मीटरचा होतो.

ती आखूड रेषा मी अजून पाहिलेली नाही. पुढच्यांना ती मिळते, कारण त्यांच्यापुढे कोणी नसतं. आमच्या वाटेला येते तेव्हा तिच्यावर एकाच रंगाचे टीशर्ट घातलेले चार सहकारी हातात हात घालून चालत असतात, एक जण बुटाची नाडी बांधायला वाकलेला असतो, आणि नेमक्या वळणावर एक कुटुंब सेल्फीसाठी उभं असतं. त्यात आजी मावत नाहीत म्हणून ते अजून दोन पावलं रस्त्यात सरकतं. या सगळ्यांना बाहेरून वळसा घालत मी जातो. २१.०९७५ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन माझ्या घड्याळात साडेएकवीसच्या खाली कधी संपत नाही. शेवटची रेषा ओलांडल्यावर, धाप लागलेल्या अवस्थेतही, घड्याळं शेजारी धरून परिसंवाद भरतो. "माझं एकवीस पॉइंट चार." "माझं एकवीस साठ." मग आयोजकांना रस्ता मोजता येत नाही यावर एकमत होतं. घड्याळातलं जीपीएस उंच इमारतींच्या मध्ये गडबडतं, आपण रस्त्यावर असलो तरी त्याच्या मते पलीकडच्या फुटपाथवर असतो, हे तिथे सांगून उपयोग नसतो. लोक दमलेले असतात. पण वळशांचं काय? ते तर खरेच घातलेले असतात. म्हणजे मागचा माणूस पुढच्यापेक्षा जास्त वेळ, जास्त उन्हात आणि वर जास्त अंतर धावतो, आणि शेवटी मेडल दोघांच्या गळ्यात एकच.

४२.१९५ हा विचित्र आकडासुद्धा धावणाऱ्यांना विचारून ठरलेला नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू केली आणि स्टेडियमात राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवली. ते अंतर भरलं २६ मैल ३८५ यार्ड. १९२१ साली तेच कायम झालं. त्या शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियमात सगळ्यांच्या आधी शिरला आणि उलट्या दिशेला वळला. मग पडला, उठला, पुन्हा पडला. शेवटी अधिकाऱ्यांनी त्याला आधार देऊन रेषेपार नेलं आणि त्याच कारणासाठी त्याला बाद केलं. मला कोणी हात देऊ केलाच, तर तो घ्यायचा नाही, असं मी तेव्हापासून ठरवून ठेवलंय. अजून कोणी दिलेला नाही.

वाटेत पेसर भेटतात. पाठीला झेंडा आणि झेंड्यावर वेळ. ना आधी ना नंतर, बरोबर त्या वेळेला रेषेवर पोचायचं, हे त्यांचं काम. स्वतःच्या ताकदीपेक्षा सावकाश धावत असल्यामुळे त्यांच्याकडे बोलायला श्वास भरपूर असतो. मी ज्याच्या मागे लागलो होतो तो पेसर सोळाव्या किलोमीटरला म्युच्युअल फंडांवर बोलत होता आणि मधूनमधून मागे वळून "बरोबर ना, काका?" असं विचारत होता. मी मान हलवत होतो. उभी की आडवी, ते सांगता येणार नाही. पुढे त्याचा झेंडा लहान लहान होत गेला आणि महागाईचा दर काय धरावा ते माझं ऐकायचं राहून गेलं. मग पाठीमागून आणखी उशिराच्या वेळेचा झेंडा आला. पेसरने आपल्याला मागे टाकणं ही फार सभ्य मानहानी आहे. तो जाता जाता "कम ऑन, काका" म्हणून जातो.

रस्त्याच्या कडेला उभी राहणारी माणसं देवमाणसं आहेत, पण खोटारडी. "आलंच!", "बस, आता थोडंच!" हे पाचव्या किलोमीटरपासून ऐकू यायला लागतं. एकदा मात्र पाण्याच्या टेबलाशी उभ्या असलेल्या एका चिमुरडीला मी विचारलं, "बाळा, किती राहिलं गं?" तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "तुम्हाला? खूप." तिच्या आईने तिला दटावलं. माझा मात्र त्या दिवशी तेवढ्या एकाच बोलण्यावर विश्वास बसला.

पाण्याचंही एक तंत्र आहे. कागदी पेला वरून चिमटीत दाबला की त्याची चोच होते, मग धावता धावता घोट घेता येतो, नाकात जात नाही. माझं पाणी आधी नाकात, मग कानात जातं आणि उरलेलं शेजारच्याच्या पाठीवर. अर्थात हे पेले शिल्लक असतील तेव्हाचं. बहुतेक वेळा आम्ही पोचतो तेव्हा टेबलावर ओला टेबलक्लॉथ असतो आणि रस्त्यावर चुरगळलेल्या पेल्यांचा खच. त्यावरून धावलं की कुरकुर आवाज येतो. तो पेल्यांचा की गुडघ्यांचा, हे काही पावलं पुढे जाऊन तपासावं लागतं.

नेमका तिथेच फोटोग्राफर बसलेला असतो. पुढच्यांचे फोटो हवेत तरंगताना येतात. माझ्या प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले, तोंड उघडं आणि दोन्ही पाय जमिनीवर. चालण्याच्या शर्यतीत एक तरी पाय सतत जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे असा नियम आहे. माझ्या फोटोंवर तिथले पंच बोट ठेवू शकणार नाहीत.

सगळ्यांच्या मागून एक गाडी येते, कटऑफमध्ये, म्हणजे शर्यत संपवायला दिलेल्या वेळेत, न बसणाऱ्यांना उचलून घेणारी. तिचं इंजिन मागे गुरगुरायला लागलं की पायांना आपोआप समज येते. मोहही होतो. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये फ्रेड लॉर्झ नावाचा गडी दमला म्हणून मोटारीत बसला आणि बराच रस्ता तसा काटला. मोटार बंद पडल्यावर उतरून धावत स्टेडियमात आला, तर लोकांनी त्यालाच विजेता समजून डोक्यावर घेतलं. लबाडी लगेच उघडकीला आली. पण पुढच्याच वर्षी हा गृहस्थ बॉस्टन मॅरेथॉन रीतसर धावून जिंकला. माझं दैवत मात्र जपानचे शिझो कानाकुरी. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये उन्हाने हैराण होऊन ते अर्ध्यातून बाहेर पडले आणि कोणाला न सांगता मायदेशी परतले. स्वीडिश लोकांनी १९६७ मध्ये त्यांना बोलावून शर्यत पुरी करून घेतली. नोंदलेली वेळ आहे ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि २०.३ सेकंद. त्यातले ते ०.३ सेकंद टिपून ठेवणाऱ्या माणसाला माझा नमस्कार.

माझी स्वतःची शर्यत यांच्यापैकी कोणाशी नाही. ती निळ्या टोपीशी आहे. त्या टोपीखाली एक काका असतात. माझ्याहून चांगले दहा वर्षांनी मोठे, बुटांचे तळवे रस्त्याला घासत, खांदा एका बाजूला टाकून, आता थांबतील मग थांबतील अशा चालीने धावणारे. ते थांबत नाहीत. चढावर मी त्यांना गाठतो, तेव्हा ते आपुलकीने म्हणतात, "या, या. आज बरे दिसताय." उतारावर तळव्यांचा तो खसखस आवाज मागून येतो, शेजारून जातो आणि पुढे ऐकू येत राहतो. रागावण्याचीही सोय नाही, कारण शेवटच्या रेषेपलीकडे माझ्यासाठी पाण्याची बाटली धरून तेच उभे असतात.

घरी गेल्यावर सगळे एकच विचारतात, "कितवा आलास?" त्यावर 'वयोगटात' एवढा शब्द आधी उच्चारून आम्ही विषय बदलतो. माझा गट ४५ ते ५४. त्यातले पंचेचाळिशीचे लोक म्हणजे निव्वळ पोरं. तेव्हा पंचावन्न पूर्ण होण्याची मी वाट बघत होतो. वाढदिवसाची एवढी ओढ मला शाळेतही नव्हती. वरच्या गटात मी सगळ्यांत लहान असणार, बाकी सगळी म्हातारी मंडळी. सहज म्हणून त्या गटाचे निकाल काढून बघितले, तर त्यांचा पहिला आमच्या पहिल्याच्याही आधी घरी गेलेला. ज्यांचे गुडघे जायचे होते ते मागेच गेले, या गटात उरलेत ते न मोडणारे.

तरी मी काकांना ऐकवलंच. "काका, पुढच्या वर्षी मी तुमच्या गटात येतोय हं."

त्यांनी टोपी काढून घाम पुसला. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाले, "या की. पण मी नसेन. मला पासष्ट पूर्ण होतायत, मी वरच्या गटात चाललो. या गटात फार चुरस झालीय हो."