सक्तीचा परवाना फक्त आणीबाणीतच? खुलासा

‘जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार पेटंट असलेल्या औषधाचा सक्तीचा परवाना फक्त राष्ट्रीय आणीबाणीतच देता येतो,’ असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सक्तीचा परवाना म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला ते औषध बनवू देणारी सरकारी परवानगी. संघटनेच्या बौद्धिक संपदेविषयीच्या ट्रिप्स कराराच्या कलम 31 मध्ये आणीबाणीचा उल्लेख आहे, पण तो पेटंटधारकाशी आधी वाटाघाटी करण्याची अट माफ करण्यापुरता. परवान्याची कारणे ठरवण्याचे स्वातंत्र्य प्रत्येक देशाला असल्याचे संघटनेच्या 2001 च्या दोहा जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे.

भारतात पेटंट कायद्याच्या कलम 84 नुसार पेटंट मिळून 3 वर्षे झाल्यावर कोणीही हितसंबंधित व्यक्ती अर्ज करू शकते. अवाजवी किंमत एवढे एक कारणही पुरते. मार्च 2012 मध्ये बायर कंपनीच्या सोराफेनिब या कर्करोगावरच्या औषधासाठी नॅटको या भारतीय कंपनीला असाच परवाना मिळाला. महिन्याच्या 120 गोळ्या सुमारे 2 लाख 80 हजार रुपयांवरून 8,880 रुपयांवर आल्या. पुढे मुंबई उच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

अडते कुठे? बहुधा कागदपत्रांत. आधी पेटंटधारकाकडे रीतसर परवाना मागून साधारण 6 महिने पाठपुरावा करावा लागतो. डॅसाटिनिब या कर्करोगावरच्या दुसऱ्या औषधासाठीचा अर्ज 2013 मध्ये याच मुद्द्यावर फेटाळला गेला. कलम 92 मधली आणीबाणीची वाट वेगळी. तिथे केंद्राची अधिसूचना लागते.