क्वीन्सटाउनला नुसतं बसायचंय

न्यूझीलंडला, त्यातही क्वीन्सटाउनला जायचं ठरलं तेव्हा माझी मागणी एकच होती. वाकाटिपू तलावाच्या काठी एखादा बाक असेल, त्यावर मला बसू द्या. समोर रिमार्केबल्सचे डोंगर, हातात कॉफी, बस्स. घरात हा कोणी बेत म्हणून धरलाच नाही. "तो मधल्या वेळात होईल," बायको म्हणाली आणि तिनं एक्सेल उघडलं.

एक्सेलमध्ये मधला वेळ नसतो.

आधी महिना ठरेना. मुलांना सुट्टी मे महिन्यात, आणि तिकडे तेव्हा हिवाळा दाराशी. म्हणजे थंडी पुरेपूर, पण स्कीइंगचा हंगाम साधारण जूनपासून पुढे. कुडकुडायचं ते कशासाठी, हा माझा प्रश्न रास्त होता. शेवटी डिसेंबर ठरला. तिथला भर उन्हाळा, रात्री साडेनऊपर्यंत उजेड. मला वाटलं, वा, निवांत संध्याकाळी! बायको म्हणाली, "म्हणजे दिवसात अजून दोन गोष्टी बसतात."

या गावाचा दोष असा की तिथे गोष्टींना तोटा नाही. १९८८ साली कावाराउ नदीवरच्या जुन्या पुलावर बंजीचा, म्हणजे पायाला लवचीक दोरी बांधून उडी मारण्याचा, व्यवसाय सुरू झाला. तेव्हापासून धडधाकट माणसं रांगेत उभं राहून, न्यूझीलंडचे खणखणीत डॉलर मोजून, ४३ मीटर खाली उडी घेतात. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून पुढे नेव्हिसच्या दरीवर १३४ मीटरची सोय झाली. शिवाय शॉटओव्हर नदीच्या अरुंद घळईत खडकांना घासू-घासू म्हणत पळणाऱ्या जेटबोटी आहेत. डोंगरावर गोंडोलानं, म्हणजे रोपवेनं, शांतपणे चढावं, तर वर ल्यूजच्या छोट्या गाड्या घसरत खाली न्यायला तयार. स्वस्थ बसलेल्या माणसाकडे तिथे लोक पाण्याची बाटली घेऊन धावत असतील.

तेवढ्यात मुलीला मिलफर्ड साउंड सापडलं, म्हणजे उंच कड्यांमध्ये शिरलेली समुद्राची खाडी. नकाशावर बोटभर अंतर. मी खूश झालो. मग रस्ता पाहिला. मधे डोंगर आणि तलाव आडवे, त्यामुळे गाडी 'ते आनाउ' नावाच्या गावावरून वळसा घालून जाते; एका बाजूचे सुमारे २९० किलोमीटर, चारएक तास. आणि पाऊस इतका की जगातल्या सर्वांत ओल्या जागांत त्याची गणती. "पावसात धबधबे जास्त छान दिसतात," मुलगी म्हणाली. हिला वकील करावं, असं माझं फार दिवसांचं मत आहे.

मीही हार मानली नाही. १९१२ सालची 'अर्नस्लॉ' ही आगबोट अजून कोळशावर चालते, तिच्यातून तलावाची सफर करता येते. बसणं ते बसणं आणि एक्सेलचा रकानाही भरतो! प्रस्ताव मंजूर झाला, पण इंजिनखोलीत उतरून कोळसा टाकणारे बघायच्या अटीवर. मग मी दुसरं अस्त्र काढलं. वाकाटिपूचं पाणी अर्ध्या तासाच्या आत थोडं चढतं आणि उतरतं. तळाशी पडलेल्या मताउ राक्षसाचं काळीज अजून धडधडतंय, अशी तिथल्या मूळच्या माओरी लोकांची कथा आहे. हे बघायला काठावर बराच वेळ बसावं लागेल, असं मी शास्त्रीय सुरात सांगितलं.

"व्हिडिओ असेल की," मुलगा म्हणाला.

आता बुटांच्या तळव्यांतली माती टूथब्रशनं काढतोय. माती लागलेले बूट तिथल्या विमानतळावर चालत नाहीत, आणि हे काम बसून करता येण्यासारखं म्हणून मीच हात वर केला होता. शेजारी बायको बंजीचा फॉर्म भरतेय. मी प्रेक्षकांच्या सज्जात उभा राहणार, असं माझ्या परीनं ठरलेलं आहे.

"अरे, तुझं वजन किती?" तिनं विचारलं.

मी सवयीनं चार किलो कमी सांगितलं.

"खरं सांग. दोरी त्यावर ठरते."