कडी लावायला हात झिजतात का?

तबेल्याचं छप्पर बदलायचं काम म्हणे ‘उद्या संपतंय’. हा उद्या रोज उजाडतो, आणि सोबत नवे खिळे घेऊन येतो! गवतात खिळे, हौदात खिळे, खराऱ्याच्या डब्यातसुद्धा खिळे. अहो, खुरात खालून घुसलेला खिळा थेट आतल्या हाडापर्यंत, सांध्यापर्यंत जाऊ शकतो. जनावर कायमचं लंगडं होऊ शकतं. हे सांगितलं की मिस्त्री म्हणणार, ‘नाल आहे की पायाला!’ नाल खुराच्या कडेला असते हो, तळवा उघडाच असतो! मग मी लोहचुंबक घेऊन अंगणभर वाकून फिरते. मला दुसरा उद्योग काय आहे म्हणा!

आणि फाटक? आत येताना उघडायचं, जाताना विसरायचं. परवा शिंगरू सिमेंटच्या गोणीला नाक लावून उभं, म्हातारी घोडी वाळूच्या ढिगावर चारी पाय वर करून लोळतेय, आणि ही मंडळी मोबाईलवर फोटो काढतायत. खरारा कोण करणार, तुमचे काका?

ग्राइंडर तर नेमका चाऱ्याच्या वेळी किंचाळतो. घोडा बिथरून दावं तोडतो आणि वर मलाच विचारतात, ‘चावतो का हो हा?’

घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं तोंडावाटे परत येत नाही. तरी सुतळ्या, प्लास्टिकचे तुकडे सगळं चाऱ्याच्या गंजीवर! कचऱ्यासाठी एवढं मोठं पिंप ठेवलंय. त्यात काय सापडलं? माझा लगाम!